रापण भरताना

दांडीच्या किनाऱ्यावर, ऊन कलल्यावर,
बाबलमामा होडीत रापण भरतो.
अर्धा मैल जाळं, आणि होडी
आमच्या पडवीएवढीसुद्धा नाही.
एक हात शिशाच्या बाजूला, एक बोयांच्या.
कुठली घडी वर, कुठली तळाशी
हे त्याच्या बोटांना माहीत.
विचारलं तर सांगता येत नाही.

"तू थंय पुण्याक काय करतंस गो?
माका समजात असा सांग."

मी वाळूत बसते.
मामा, मोहरीत लाखो मावतील एवढी एक पेशी,
तिच्या गाभ्यात चार हात लांब धागा.
धागा तोच, डोळ्यात, नखात, काळजात.
पण गाभ्यात काही प्रथिनं मुक्कामाला असतात.
त्यांना बोटं असतात. खरंच, शास्त्रातही बोटंच म्हणतात,
प्रत्येक बोटात जस्ताचा एक कण.
ती धागा चाचपतात, घड्या घालतात,
हे वर राहू दे, हे दाब तळाला,
आणि जिचं अजून काहीच ठरलेलं नाही
अशी कोवळी पेशी
हळूहळू राखणदार होते.

मामा शिशाची गोळी दातांत दाबून बंद करतो.
"जस्त? जस्त हलका. बुडात कसा?"

मी हसते. मग हसू टिकत नाही,
कारण होडीच्या सावलीत शेवंती बसलीय,
हातात सूत भरलेली सुई.

तिचा गौरेश आठ महिन्यांचा होता.
तोंडात पांढरी बुरशी, जाता न जाणारी.
लस टोचली ती जागा चिघळलेली.
साध्या सर्दीने छाती भरली.
घाडी झाला, नारळ झाला, ओरोस झालं,
मग रात्रीच्या अँब्युलन्सने बांबोळी.
तिथल्या क्ष-किरणात छातीच्या हाडामागे
तान्ह्या मुलांना असते ती सावली नव्हती.
शेवंतीला वाटलं,
सावली नाही म्हणजे बरंच.

त्या सावलीत राखणदारांची शाळा भरते, मामा.
शंभर येतात, जेमतेम दोन-तीन बाहेर पडतात.
आपल्याच माणसांवर उठतील ते तिथेच संपतात,
कुणालाच ओळखत नाहीत तेही.
आपण मोठे झालो की शाळेची चरबी होते.
तुझ्यात आता तिचा एखादा कोपरा असेल.

त्याचे हात थांबलेत.
"मगे त्या पोराचा जाळा भरूक
कोण नाय होतो?"

होता. एक बोट वाकडं होतं.
तीनशे कोटी अक्षरांत एक अक्षर.

आणि इथे माझी उपमा फाटते.
रापण भरताना चुकलं तर एक फेरा वाया जातो,
माणूस शिव्या घालत पुन्हा भरतो.

गौरेशच्या रक्ताची एक बारीक नळी
माझ्या प्रयोगशाळेत आहे, उणे ऐंशीवर.
सही शेवंतीचीच, कशावर ते न विचारता केलेली.
ती नळी माझ्याकडे आली
हे मी तिला कधी सांगितलं नाही.
महिन्यातून एकदा कप्पा उघडते,
नंबर वाचते, बंद करते.

भरती वाळूवर जरा पुढे सरकते.
शेवंती दातांनी सूत तोडते,
मान वर न करता विचारते,
"थंय खूप थंडी आसतली गो?"

मामा माझ्याकडे बघत नाही.
शेवटची घडी घालतो, तळहाताने दाबतो.
पहाटे पाण्यात
पहिली तीच जाईल.