खालची बाजू

बावीस वर्षं मी एकच वाक्य लिहून दिलं :
पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूस असतात. पूर्णविराम.
पोरं 'पूर्णविराम'सुद्धा लिहायची.
काटोलला संत्र्याची कलमं विकणारा एक जण
अजून रस्त्यात गाठून ते म्हणून दाखवतो.

यंदा ठरलं, सांगायचं नाही.
व्हिडिओ रात्री घरी, बापाच्या मोबाइलवर बघायचा,
सकाळी वर्गात पान, नेलपॉलिश, चिकटपट्टी,
आणि माझे प्रश्न.
उत्तर मी दाढेखाली धरायचं
सुपारीच्या खांडासारखं.

पाचपावलीची शाळा. सूक्ष्मदर्शक एक,
त्याचाही आरसा तडकलेला.
त्रेपन्न पोरं रांगेत,
पाळी यायच्या आधीच एक डोळा मिटून.
'दिसलं काय बे?'
'हो नं, ओठावानी दिसून राहिलं.'
फळ्यावर आकडे : खाली चाळीस, वर शून्य.
खाली अडतीस, वर शून्य.
मला वाटलं, झालं.
वाक्य आपलं आपणच उगवून आलं.

मग आचल बावने.
तिचं पान संत्र्याचं नव्हतं. दातेरी, देठाला फुगा,
मामानं रामटेककडून
शिंगाड्याच्या पोत्यासोबत आणलेलं.
'मॅडम, माझ्यावाल्याले खाली काहीच नाही.'
मागचा बाक हसला.
तिनं पुन्हा नेलपॉलिश लावलं, फुंकर घातली,
पुन्हा सोललं. नाही.
तिसऱ्यांदा. बहिणीची बाटली तळाला गेली.
नाही.

मी दाढेखाली चाचपलं.
तिथं काहीच नव्हतं.
हे इथं सांगते; वर्गात नाही सांगितलं.
वर्गात एवढंच विचारलं,
'हे पान राहतं कुठं?'

तिनं तळहात बाकावर पालथा ठेवला,
पाण्यावर ठेवावा तसा.
बराच वेळ ठेवला.
रस्त्यावरून भाजीवाल्याचा भोंगा आला आणि गेला.
'याचं तोंड तर पाण्यात हाय नं, मॅडम.
मग नाक...'
आणि वाक्य अर्धंच टाकून
पान उलटं करायला धावली.

घंटा झाली. कोणी उठेना.
मागच्या बाकावरून तोच हसणारा,
'मंग आतापर्यंत लिहिलं ते खोडायचं काय?'
मी खडू हातात धरून उभी.
आचल काचेवरून डोकं न काढता म्हणाली,
'अन् पाण्याखाली जे हिरवे धागे लोंबतेत,
ते मुळं हायेत का पानं?'

'उद्या आण,' मी म्हटलं.
बाकावर तिची पिशवी गळत होती,
तलावाचा वास माझ्या हजेरीपटाखाली शिरत होता.