अठरावा ठिपका

तळपणच्या धक्क्यावरून मुलांनी आणलेत
बत्तीस बांगडे, म्हणजे त्यांची मापं:
लांबी सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये,
आणि वहीच्या पानाला चिकटून आलेलं एक खवलं.

पडद्यावर ठिपके सांडतात.
मी म्हणते, ओढा रेघ.
मिंगेल बोटानं तिचं एक टोक उचलतो.
होडी रेतीवर घेताना काठावरचे ओरडतात
तसा वर्ग ओरडतो:
"आनीक मातशें! आनीक! पुरो, पुरो!"

दर ठिपक्यापासून रेघेपर्यंत एक चौकोन.
रेघ हलली की फुगतात, आक्रसतात,
कोपऱ्यात बेरीज धावते त्यांची.
जिथं ती सगळ्यात कमी, तिथं थांबायचं,
मग रेघ एकाही ठिपक्यावरून
गेली नाही तरी चालेल.
(हे मला समजायला नोकरीची पाच वर्षं लागली.)

फक्त अठरावा
वर, एकटा. त्याचा चौकोन
बाकी सगळ्यांना पुरून उरतो.
"काढून टाकूया, टीचर?"
मिंगेल विचारतो आणि काढतोच.
रेघ खाली बसते, शहाण्या मुलासारखी.

मागच्या बाकावरची दर्पणा पागी उठते.
"काटा चुकला नव्हता.
आईच्या पाटीतला तो.
गाबोळी होती पोटात."

मी ठिपका परत ठेवते.
रेघ किंचित उचलली जाते,
बेरीज वाढते. वाढू दे.

घंटा होता होता मिंगेल मागे वळतो:
"कितीला गेला गो तो?"

"विकला नाही," ती म्हणते,
दप्तराची चेन ओढत.