उजेडाशी धरून

एकतीस वर्षं मी नोटांचे ताव उजेडाशी धरले,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, तपासणीच्या हॉलमध्ये.
सकाळी भोंगा, मग दारावर झडती,
डब्यातली भाकरीसुद्धा उलटून बघायचे.
मग काचेचं टेबल, खालून येणारा पांढरा उजेड
आणि ताव. ताव. ताव.
धागा तुटलाय का, शाई फुटलीय का,
कोऱ्या जागेतला चेहरा नीट उमटलाय का.
खोट दिसली की लाल पेन्सिलीची रेघ.
राग नाही, लोभ नाही. रेघ.

आता माझ्याच अन्ननळीत
कुणीतरी चुकीचा छाप मारून ठेवलाय.
डॉक्टर बोरस्ते म्हणाले, गाठ लहान आहे,
पण वाटेत बसलीय.
भाकरी दिवाळीतच बंद झाली होती. मग मऊ भात. मग पेज.
पेजही थांबत थांबत उतरायची,
ओल्या घाटावर म्हातारी उतरते तशी,
एका पायरीवर दोन्ही पाय ठेवून.

मंगळवारी शिरेतून औषध दिलं.
ते अंगभर हिंडतं म्हणे, घरोघर टेकतं,
बाकीच्या घरांतून निघतं,
त्या एका ठिकाणी मात्र पथारी पसरतं.
दोन दिवस नुसतं पडून राहतं.
मी विचारलं, विषच ना हे?
सिस्टर एस्तेर म्हणाली, तसं नाही मावशी,
उजेड पडेपर्यंत ते कुणाला काही करत नाही.

गुरुवारी
शेवयीएवढी काचेची तार तोंडातून आत गेली.
टोकाला लाल उजेड. बारा मिनिटं.
मी गुंगीत. निनादने पडद्यावर पाहिलं.
आई, म्हणाला, इगतपुरीच्या खालचा बोगदा असतो ना,
तसं सगळं, फक्त ओलं, गुलाबी,
आणि मधोमध लाल सिग्नल.
मला हसू आलं, पण घसा जळत होता.
माझ्या आत, मला न विचारता,
कुणीतरी लाल रेघ मारली होती.

आणि आता महिनाभर उन्हाला बंदी.
औषध अजून कातडीत आहे, ऊन लागलं तर भाजेल.
काळोखातही बसायचं नाही म्हणे,
घरातल्या मंद उजेडानेच ते हळूहळू विरतं.
म्हणजे ना इकडे, ना तिकडे.
जाड पडद्याआड, दुपारच्या दोन वाजताही
संध्याकाळच्या रंगाची मी.

रथसप्तमीला शेजारच्या कुमुदताईंनी
अंगणात रांगोळीचा सूर्य काढला, सात घोडे,
एकाचा पाय पुसलेला.
मी तो फोनवर पाहिला.
तपासणीला जाताना हातमोजे, टोपी, गॉगल,
वर स्कूटरवरच्या पोरींसारखा स्कार्फ.
या वेशात प्रेसच्या दाराशी गेले असते
तर आमच्याच वॉचमनने हात वर करायला लावले असते.

पिंपळगावहून भाऊ आला, बेदाण्यांचा पुडा घेऊन.
हे सावलीत वाळवलेत, म्हणाला,
उन्हात टाकले तर हिरवे राहत नाहीत, काळे पडतात.
मला बरं वाटावं म्हणून बोलला नव्हता,
भाव सांगत होता.
रात्री पाच भिजत घातले.
सकाळी एक तोंडात धरला, बराच वेळ,
मग गिळला.
उतरला.
कुणाला सांगितलं नाही. दुसरा घेतला.

आज तिसावा दिवस.
कागदी पिशवीला वाटीच्या बुडाएवढं भोक पाडलंय,
पिशवीत हात घालून गॅलरीत दहा मिनिटं धरायचा.
तेवढंच ऊन, तेवढ्याच कातडीवर.
ऊबदार वाटलं, जुन्या ओळखीचं,
थोडं कमी वेळ भेटलेल्या माणसासारखं.

उद्या सकाळपर्यंत तिथे लाली आली, फोड आला
तर आणखी पंधरा दिवस.
आता रात्रीचे नऊ. मी दिव्याशी हात धरून बसलेय,
शिरा, डाग, बांगडीचा जुना वण,
मधलं ते गोल,
जरा गुलाबी वाटतं, जरा नाही.
निनाद तिसऱ्यांदा विचारतो, दिसतंय का काही?
थांब रे, म्हटलं,
घाईत तपासलेला ताव परत येतो.