शनिवार रात्र, गॅरेज

बर्फ पडणार म्हणे, चार इंच.
पडू दे. आमचा क्वार्टरबॅक
थंडीतच शुद्धीवर येतो.

शेजारचा ऑर्विल शेगडी घासतोय,
सॉसेज मोजतोय, पुन्हा मोजतोय.
सप्टेंबरात त्यांनी आम्हाला
सत्तावीस गुणांनी लोळवलं;
तेव्हापासून त्याचा मेहुणा
फोनवर आधी ‘सत्तावीस’ म्हणतो, मग हॅलो.

उद्या तोच येतोय,
सरोवराला वळसा घालून, पाच तास गाडी हाकत,
त्या भिकार केशरी टोपीत.
ऑर्विलने त्याच्यासाठी बिनकांद्याची वेगळी काढून ठेवलीयत.

डावा टॅकल लंगडतोय.
किकरचा तर देवालाही भरवसा नसावा.
सगळं ठाऊक आहे मला,
तरी गिरणीत डॉरीनला सांगून आलोय:
सोमवारी उशिरा येईन,
घसा बसलेला असेल.

कशाने, ते सोमवारीच विचार.