पट्टा वाजला पाहिजे

रबाळ्याच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडपुढे,
मढवी मिस्त्री आमच्या ट्रेलरभोवती दोनदा फिरले
आणि म्हणाले, नाय.

मागे एक लोखंडी चौकट जोडून द्या,
एवढंच मागितलं होतं. तिच्यावर येझदी उभी राहील, झालं.
नाय म्हंजे नाय, ताई.
शेपटाला दीडशे किलो टांगशील
तर नाक वर उचलंल.
कर्नाल्याच्या उतारावर मंग
कुत्रा कोन आनि शेपूट कोन, कलनार नाय.

कोपऱ्यातला खराटा घेतला त्यांनी,
तर्जनीवर आडवा तोलला
आणि टोकाला एक पाना अडकवला.
खराटा पडला. पाना त्याच्याआधी.
वेल्डिंगवाला पोऱ्या हसला.
होरी भरताना पन ह्याच, ते म्हणाले,
बापूस सांगाचा, वजन मधी, थोरासा नालेकरं.
होडी गेली, खाडीवर भराव पडला, बापूस गेला,
वाक्य तेवढं उरलं,
आता ते लोखंडाला लावतात.

चंद्रहास बाकड्यावर बसून ऐकत होता.
दोन वर्षं झाली त्याला हँडल धरून.
उजवा हात हल्ली
स्वतःचंच वेगळं काहीतरी मोजत असतो,
कपातला चहा ठरत नाही.
मुलगा फोनवर म्हणतो, विकून टाका ना ती,
आई, तुला तरी कुठे येते चालवता.
येत नाही.
ट्रेलर ओढायला मात्र शिकले, बासष्टाव्या वर्षी,
खारघरच्या रिकाम्या रस्त्यावर.
मागे घेताना तो डावीकडे वळायला हवा असेल
तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं.
संसारात हे जरा आधी कळायला हवं होतं.

शेवटी येझदी पिकअपच्या हौद्यात चढली,
फळीवरून, मागून मी आणि तो पोऱ्या,
पुढचं चाक केबिनला टेकेपर्यंत.
पेट्रोलचा कॉक बंद. गिअर पहिला.
स्टँडवर नको, स्टँड खोटा बोलतो,
पहिला खड्डा आला का खरा कलतो.
चार पट्टे, चार कोपरे.
पुढचे दोन खाली ओढायचे,
सस्पेन्शन अर्धं दबेपर्यंत. पुरतं नाही.
थोरा दम घेव दे तिला.
टाकीला पट्टा घासत होता तिथे
मी जुना पंचा गुंडाळला.
बोट लावलं का पट्टा वाजला पायजे, मिस्त्री म्हणाले,
आनि दहा किलोमीटरवर थांब.
जे सैल व्हायचा ते तवराच होतंय.

तुर्भे. जुईनगर. आरशात ट्रेलर सरळ.
साठच्या वर गेले नाही,
मागचे कंटेनरवाले हॉर्न देत होते, देऊ देत.
शिरवण्याच्या पुढे पंक्चरच्या दुकानाशी कडेला घेतली.

चंद्रहास माझ्याआधी उतरला.
हौद्यात हात घालून
पहिल्या पट्ट्याला बोट लावलं. वाजला.
दुसरा. वाजला.
तिसरा नुसता फडफडला.
त्याने रॅचेट धरलं. हात थरथरत होता,
आणि ते यंत्रही तसलंच,
पुढे मागे, पुढे मागे,
एकेक दात पकडत जाणारं.
मदतीला पुढे केलेला हात
मी ओढणीला पुसला.
कटक.
कटक, कटक.
बघ आता, तो म्हणाला.
बघितलं.

पंक्चरवाला टायर सोडून हे सगळं पाहत होता.
विकायला नेताय का?
नाही, चंद्रहास म्हणाला. बरोबर आहे आमच्या.

चौथा राहिला होता बघायचा.
तो त्याने पळस्प्याला बघू म्हटलं,
मी नाही म्हटलं, आणि तिथेच बघितला.