कोऱ्या ओळी

तार्तूच्या अभिलेखागारात, दुसऱ्या मजल्यावर
रेडिएटर टकटक करतो, आणि दुपारी साडेतीनलाच
खिडकीतला उजेड आवराआवर करायला लागतो.

मला फक्त ओळींना आकडे द्यायचे होते.
काळा पडदा, लुकलुकणारी कांडी.
टंकलं: एनएल,
पुढे फाईलचं नाव, साल्मे राउदसिक, टेप तीन.
एंटर.

पापणी लवायच्या आत
डाव्या समासात आकडे उभे राहिले,
एकंच्या खाली एकं, दहंच्या खाली दहं,
बाईंनी छडी दाखवल्यासारखे सरळ.
शेवटचा तीनशे एकोणपन्नास.

वरच्या मजल्यावरून उलारचा फोन.
तो सूची करतोय.
"दोनशे चौदावर काय म्हणते ती?"
"'शेळी दावणीलाच राहिली.'"
"माझ्याकडे तिथे कोरं आहे. तू मोजलंस कशानं?"

त्यानं कॅट वापरलं होतं, पुढे वजा एन.
त्याच्याकडे ओळी चारशे बारा.
माझ्याहून त्रेसष्ट जास्त.

माझी आज्ञा, सांगितल्याशिवाय,
कोऱ्या ओळींना खिजगणतीत धरत नाही.

त्या ओळी माझ्याच.
साल्मे थांबली की मी एंटर दाबायचे,
लांब थांबली की पुन्हा.
कानात तिच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ,
बशीवर टेकलेला चमचा.
एकदा "आणि धाकटा" एवढंच बोलून
ती पाच एंटर गप्प होती.
चहा निवला असणार.
मग म्हणाली, "डब्यात पाणी नव्हतं."

"मी तुझ्यासारखंच करून घेतो," उलार म्हणाला,
"कोऱ्या जागेचा संदर्भ कोण देणार?"
खरंय. कुणी देत नाही.
मी हो म्हणून फोन ठेवला.

मग वरच्या बाणाची कळ दाबली.
जुनी आज्ञा निमूट परत आली.
तिच्या मधोमध घातलं:
आडवी रेघ, बी, ए.

आता सगळ्यांना आकडे.
दोनशे बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा,
आणि प्रत्येकासमोर नुसता पडदा,
काळाच.
मूळ फाईलला यातलं काही ठाऊक नाही,
ती होती तशीच आहे. आकडे फक्त बघणाऱ्यासाठी.

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी काचेवरचा बर्फ खरवडतंय.
मी उलारला फोन लावला.

"दोनशे चौदा," मी म्हटलं,
"तुझंच बरोबर होतं.
कोरीच आहे ती. आकडा राहू दे."