शिडी

पिएदादबाई खानापूरहून आली सकाळच्या गाडीनं,
छत्रीच्या पिशवीत चित्राची गुंडाळी.
खडेबाजारातलं माझं फ्रेमचं दुकान, काउंटर अरुंद.
चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली:
टेप, कटर, खिळ्यांचा डबा, माझा चहाचा पेला.

इटलीतलं जुनं काहीतरी, पाचशे वर्षांमागचं,
त्याची छापील नक्कल.
क्रुसावरून खाली घेतायत त्याला.
आईचा झगा असा निळा
की तो रंग तेव्हा सोन्याच्या भावानं यायचा म्हणे.

पाद्रींनी शिकवलंय मला, दर फ्रेममागे थोडं थोडं.
पायथ्याची कवटी आदमची.
लाल डोक्याचं पाखरू, काटा उपसायला गेलं म्हणून लाल.
बरणी त्या केस सोडलेल्या बाईची, तेलाची.
सगळं सांगून टाकलं मी,
गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

तिनं ऐकून घेतलं.
मग उजव्या कडेवर बोट ठेवलं.
"एवढं झाका की वो."

शिडी होती.

मी म्हटलं, बाई, ती पण खूणच,
भुईपासून वरपर्यंतची...
"शिडी म्हंजे शिडी," ती म्हणाली.
"पावसात पायऱ्या निसटत्यात."

तेव्हा कुठं मला आठवलं.
मिंगेल. बोर्ड रंगवायचा.
माझाही त्यानंच केलेला, वर कन्नड, खाली मराठी,
आणि हात दोन्हीकडं फिरून फिरून
मराठी 'फ'च्या पोटाला कन्नड गोलाई आलेली.
कुठल्याशा बोर्डाला रात्री कुणी डांबर फासलं.
कुठल्या अक्षरांना, ते आता विचारू नका.
तो पुसून परत लिहीत होता.
अर्धा शब्द झाला होता.
उरलेला तिसऱ्या दिवशी दुसऱ्यानं लिहिला,
जोड अजून दिसतो.

पांढरा माउंट कापला, उजवीकडं तीन इंच जादा.
बसूनं काच पुसली.
शिडी गेली. शिडीवरचा माणूस गेला, पागोट्यासकट.
पण त्याचा हात राहिला,
मनगटापासून पुढं,
त्या मेलेल्या पोराच्या काखेखाली.
माणूस नाही, पायरी नाही,
पांढऱ्या पुठ्ठ्यातून आलेला नुसता हात.

चूक माझी. मापात धरला नव्हता.
अजून इंचभर घेतो, म्हटलं, जाईल तोही.
कटर उचललासुद्धा.

बाई बघत राहिली.
बाहेर भाजीवाल्याचा वजनकाटा दोनदा वाजला.
"ऱ्हाऊ दे तो," ती म्हणाली.
"कुणीतरी धरलंय त्याला."

पैसे मोजून दिले, सुटे.
पावतीवर नाव कुठल्या लिपीत घालू
हे मी नेहमी विचारतो.
आज विचारलं नाही. नावच घातलं नाही.

रिक्षात फ्रेम उभी राहीना.
मांडीवर आडवी घेतली तिनं,
आणि पदर काढून
काचेवर टाकला.